लॅप स्टील गिटार शिकताना ट्यूनिंग आणि तारांची निवड

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूचा गुळगुळीत दांडा सरकवत वाजवायची गिटार म्हणजे लॅप स्टील गिटार. आपल्याकडे ती ‘हवाईयन गिटार’ या नावाने जास्त ओळखली जाते. हे वाद्य शिकायला घेणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न येतात. तारा कोणत्या सुरांत लावायच्या आणि किती जाडीच्या घ्यायच्या? साध्या गिटारसाठी या प्रश्नांची उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. लॅप स्टीलला मात्र सगळ्यांनी मान्य केलेले एकच ट्यूनिंग नाही, आणि प्रत्येक ट्यूनिंगला वेगळ्या जाडीच्या तारा लागतात. निवड चुकली तर तारा तुटतात, साध्या गिटारचे रूपांतर केले असेल तर तिची घोडी उखडू शकते, आणि बरेचदा शिकणाऱ्याचे पहिले काही महिने खुंट्या पिळण्यात जातात. या लेखात या दोन्ही निवडी कशा करायच्या आणि त्यामागची कारणे काय, हे पाहू.

वाद्याची थोडी ओळख

गिटारच्या तारांवर धातू सरकवून वाजवण्याची ही पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे श्रेय साधारणपणे ओआहू बेटावरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकेत पसरली. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही सुरुवातीच्या विद्युत गिटारांपैकी एक. तीही लॅप स्टीलच होती.

भारतात या वाद्याचा प्रसार होण्यात कलकत्त्याचा वाटा मोठा आहे. हवाईयन वादक ताऊ मो हे १९४०च्या दशकात तिथे राहत होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी या वाद्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून घरोघरी पोहोचल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी ही गिटार रागसंगीताच्या मैफलीत आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी याच वादनपद्धतीतून मोहनवीणा घडवली.

ट्यूनिंगला इतके महत्त्व का?

साध्या गिटारवर डाव्या हाताची चार बोटे चार वेगवेगळ्या पडद्यांवर, वेगवेगळ्या तारांवर ठेवता येतात. म्हणून एकाच ट्यूनिंगमध्ये शेकडो कॉर्ड वाजतात. लॅप स्टीलवर बोटांच्या जागी एकच सरळ दांडा असतो. त्याला बार किंवा नुसते ‘स्टील’ म्हणतात. बार पाचव्या पडद्यावर ठेवला की त्याखालच्या सगळ्या तारा पाचव्या पडद्याचेच सूर देतात.

याचा परिणाम असा की, मोकळ्या तारांमध्ये जी स्वरसंगती आहे तीच जशीच्या तशी प्रत्येक पडद्यावर मिळते. मोकळ्या तारा मेजर कॉर्डमध्ये लावल्या असतील तर बार कुठेही नेला तरी मेजर कॉर्डच वाजते. साध्या गिटारचे नेहमीचे ट्यूनिंग, म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई, सगळ्या तारा एकत्र छेडल्यावर सुसंगत ऐकू येत नाही. म्हणून ते लॅप स्टीलसाठी सहसा वापरत नाहीत. इथे ट्यूनिंग म्हणजे वाद्याचा शब्दसंग्रहच. जे त्यात नाही ते बार तिरका धरून, तारा वगळून किंवा बार भरभर हलवून मिळवावे लागते.

सा-रे-ग-म च्या भाषेत तीन ट्यूनिंग

इंग्रजी अक्षरांपेक्षा सरगमच्या भाषेत ही ट्यूनिंग लवकर समजतात. पुढे सगळीकडे तारांचा क्रम जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत दिला आहे.

*ओपन डी : डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी.* पांढरी दोनला सा धरला तर हे ट्यूनिंग म्हणजे सा, प, सा, ग, प, सा. सहावी तार मंद्र सा, चौथी मध्य सा आणि पहिली तार सा. खाली सा-पची जोडी असल्याने तंबोऱ्यासारखा भरणा आपोआप मिळतो. शेजारच्या कोणत्याही दोन तारा एकत्र वाजल्या तरी कानाला खटकत नाहीत, त्यामुळे नवख्या हाताच्या चुका हे ट्यूनिंग सांभाळून घेते. पहिल्या तारेवर शुद्ध स्वरांचे सप्तक मोकळी तार, २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ या पडद्यांवर मिळते. दुसरी तार प असल्याने तिच्या दुसऱ्या पडद्यावर ध, चौथ्यावर नी आणि पाचव्यावर तार सा येतो. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर म आणि तिसऱ्यावर प. एवढे पाठ झाले की सोपी चाल वाजवायला अडचण येत नाही.

हेच ट्यूनिंग सगळ्या तारा एक-एक स्वर चढवून लावले की ओपन ई होते. पडद्यांच्या जागा तशाच राहतात, फक्त पट्टी पांढरी तीनची होते.

*डोब्रोचे ओपन जी : जी, बी, डी, जी, बी, डी.* पांढरी पाचला सा धरला तर सा, ग, प, सा, ग, प. खालच्या तीन तारांची रचनाच वरच्या तीन तारांवर पुन्हा येते, त्यामुळे एका सप्तकात शिकलेली जागा दुसऱ्या सप्तकात तशीच सापडते. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतात, धातूची तबकडी बसवलेल्या डोब्रो या गिटारवर, हेच ट्यूनिंग प्रमाण मानले जाते. यातल्या सहाव्या आणि पाचव्या तारा साध्या गिटारपेक्षा बऱ्याच चढ्या असतात. त्याचे परिणाम पुढे पाहू.

*सी सिक्स : सी, ई, जी, ए, सी, ई.* पांढरी एकला सा धरला तर सा, ग, प, ध, सा, ग. यात धैवताची भर पडते आणि तिने बरेच काही बदलते. चौथी, पाचवी आणि सहावी तार मेजर कॉर्ड देते, तर बार न हलवता पहिली, दुसरी आणि तिसरी तार छेडली की मायनर कॉर्ड मिळते. मूर्च्छनेच्या भाषेत सांगायचे तर ध ला सा मानला की सा, कोमल ग आणि प हाती लागतात. भूपाच्या पाच स्वरांपैकी सा, ग, प, ध हे चार स्वर मोकळ्या तारांतच असतात. तारांमधली अंतरे लहान असल्याने चाल वाजवताना बारची धावपळ कमी होते. जुन्या हवाईयन आणि स्विंग संगीतात सिक्स्थ कॉर्डचा गोडवा कानावर येतो तो याच जातीच्या ट्यूनिंगमधून. जेरी बर्ड हे सी सिक्सचे नावाजलेले वादक, तर हँक विल्यम्स यांच्यासोबत वाजवणारे डॉन हेल्म्स आठ तारांच्या गिटारवर ई सिक्स वापरत.

सी सिक्सची अडचणही धैवतातूनच येते. प आणि ध या शेजारच्या तारा चुकून एकत्र वाजल्या की सूर गढूळ होतो. त्यामुळे नको असलेल्या तारा उजव्या तळहाताने किंवा बोटांनी दाबून गप्प ठेवण्याची सवय पहिल्यापासून लावावी लागते. ओपन डीमध्ये ही शिस्त थोडी उशिरा आली तरी चालून जाते.

मायनर आणि कोमल स्वरांचे काय?

एकेरी सुरावट वाजवताना कोमल स्वरांची काहीच अडचण नाही. बार हव्या त्या जागी थांबवता येतो, पडद्यांच्या मधल्या जागेवरही. मींड हा तर या वाद्याचा स्वभावच. अडचण येते ती एकाच वेळी दोन-तीन सूर हवे असतात तेव्हा. ओपन डीमध्ये मायनर कॉर्ड हवी असेल तर ग ची तिसरी तार वगळून नुसते सा-प वाजवायचे, किंवा ती तार अर्ध्या सुराने उतरवून ठेवायची.

दुसरा उपाय बार तिरका धरण्याचा. सी सिक्सच्या दुसऱ्या व पहिल्या तारेवर सरळ बारने सा-ग मिळतात. रे-म ही जोडी हवी असेल तर दुसरी तार दुसऱ्या पडद्यावर आणि पहिली तार पहिल्या पडद्यावर यावी अशा बेताने बार तिरपा करावा लागतो. साडेबावीस इंच लांबीच्या तारांवर पहिला पडदा नटपासून सुमारे ३२ मिलिमीटरवर असतो, तर बाराव्यापासून तेरावा पडदा फक्त १६ मिलिमीटरवर. म्हणून तिरपा बार वरच्या पडद्यांवर सोपा जातो. पण हे दुसऱ्या टप्प्याचे काम आहे. सुरुवातीला सरळ बार नेमका पडद्याच्या पट्टीवर ठेवता येणे, तेही पट्टीच्या मागे नव्हे तर थेट वर, एवढे जमले तरी पुष्कळ.

मग कोणते निवडावे?

शिकवणारे कोणी असेल तर त्यांचे ट्यूनिंग घ्यावे. गुरूची जागा एका पडद्यावर आणि शिष्याची दुसऱ्या, अशा स्थितीत शिक्षण पुढे सरकत नाही. कोणी नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : वाजवायचे काय आहे, वाद्य कोणते हाताशी आहे आणि सोबत कोण आहे.

भावगीते, अभंग, चित्रपटगीते किंवा रागसंगीत, म्हणजे मुख्यतः एकेरी सुरावट वाजवायची असेल तर ओपन डी सोयीचे. साध्या गिटारचे रूपांतर करून सुरुवात करायची असेल तरीही ओपन डीच घ्यावे. याची कारणे ताणाच्या हिशेबात दिसतील. हवाईयन, जुने स्विंग किंवा कॉर्डच्या साथीचे संगीत वाजवायचे असेल आणि हाती सहा तारांची विद्युत लॅप स्टील असेल तर सी सिक्स घ्यावे. डोब्रो हाताशी असेल, ब्लूग्रासची ओढ असेल तर जी, बी, डी, जी, बी, डी.

पट्टीची चिंता सुरुवातीला करू नये. ओपन डीवर पांढरी दोन सोपी, कारण मोकळ्या तारा कामी येतात. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर पहिल्या तारेवरचा सा सहाव्या पडद्यावर सरकतो आणि बाकीच्या जागा त्याच अंतराने पुढे जातात. मोकळ्या तारांचा आधार सुटतो, पण जागांचा नकाशा बदलत नाही.

एकदा निवडलेले ट्यूनिंग किमान सहा महिने बदलू नये, हे त्याहून महत्त्वाचे. या वाद्यावर हात आणि कान मिळून अंतरे पाठ करतात. दर आठवड्याला ट्यूनिंग बदलले की ती अंतरे कधीच पाठ होत नाहीत, आणि दोष वाद्याला दिला जातो.

तारांची जाडी आणि ताणाचा हिशेब

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दुकानात ‘दहाचा सेट’ किंवा ‘बाराचा सेट’ म्हटले की पहिल्या, सर्वांत बारीक तारेची जाडी ०.०१० किंवा ०.०१२ इंच, असा त्याचा अर्थ.

तारेवर किती ताण येईल हे तीन गोष्टींवर ठरते : तारेची जाडी, नट ते घोडी ही लांबी आणि सुराची उंची. साध्या, वेढे नसलेल्या तारेचा ताण या तिन्हींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लॅप स्टीलच्या तारांची लांबी साधारण साडेबावीस इंच असते, तर साध्या गिटारची सुमारे साडेपंचवीस. तीच तार त्याच सुरात आखूड वाद्यावर लावली तर ताण सुमारे २२ टक्के कमी भरतो.

एक उदाहरण घेऊ. साडेबावीस इंचाच्या लॅप स्टीलवर पहिली तार डी सुरात लावायची आहे. विद्युत गिटारच्या नेहमीच्या दहाच्या सेटमधली तार लावली तर ताण जेमतेम साडेचार किलो येतो. बाराची लावली तर सुमारे साडेसहा किलो. सोळाची लावली तर साडेअकरा किलोच्या वर. आता यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा बार ठेवायचा आहे. दहाची तार त्याखाली दबते, सूर चढतो, बार पडद्यावर आपटतो आणि आवाज पातळ येतो. सोळाची तार बार पेलते.

साध्या गिटारवर बारीक तारा लोकप्रिय आहेत, कारण त्या बोटाने दाबायला आणि खेचायला सोप्या जातात. लॅप स्टीलवर तारा दाबायच्याच नसतात. त्यामुळे बारीक तारेचा तो फायदा इथे लागू होत नाही, तोटे मात्र सगळे राहतात.

साडेबावीस इंची वाद्यासाठी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत सर्वसाधारण जाड्या अशा :

- ओपन डी : १६, २०, २६, ३२, ४२, ५६. पहिल्या दोन साध्या, बाकी वेढ्याच्या.
- सी सिक्स : १५, १८, २२, २४, ३०, ३६. पहिल्या तीन साध्या, बाकी वेढ्याच्या.

पंचवीस इंची डोब्रोच्या ओपन जीसाठी १६, १८, २८, ३६, ४६, ५६ असा सेट प्रचलित आहे. एक-दोन अंकांचा फरक चालतो. पाहायचे ते इतकेच, की सगळ्या तारांवरचा ताण साधारण सारखा असावा, म्हणजे बारखाली एखादी तार दबलेली आणि शेजारची ताठ, असे होणार नाही.

या याद्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. ओपन डीची सहावी तार ५६ची आहे आणि सी सिक्सची ३६ची. म्हणजे ओपन डीच्या तारा तशाच ठेवून, खुंट्या पिळून सी सिक्स मिळवता येत नाही. म्हणून आधी ट्यूनिंग ठरवायचे आणि मग त्या नावाचा सेट घ्यायचा. लॅप स्टीलच्या सेटच्या पाकिटावर बहुतेक वेळा ट्यूनिंगचे नाव छापलेले असते.

तार तुटते तेव्हा

वरच्या सुरात नेताना साधी तार तुटली की ‘अजून बारीक लावू’ असा सल्ला मिळतो. तो फारसा उपयोगी पडत नाही. तार बारीक केली की तिच्यावरचा ताण कमी होतो, पण तिची ताकदही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. साधी पोलादी तार कोणत्या सुरापर्यंत टिकेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. आखूड वाद्यावर ती जास्त वर जाते, लांब वाद्यावर कमी.

वेढ्याच्या तारांचे गणित निराळे. त्यात आतला गाभा ताण पेलतो आणि बाहेरचे वेढे फक्त वजन वाढवतात. साध्या गिटारची जाड सहावी तार सी सिक्ससाठी आठ अर्धस्वर चढवायला गेले तर गाभा आधी हार मानतो. तिथे कमी वेढ्यांची, बारीक तार हाच उपाय.

एखादी तार नेहमी एकाच ठिकाणी, नटपाशी किंवा घोडीपाशी, तुटत असेल तर दोष जाडीचा नसून त्या जागेच्या धारेचा असतो. खाच गुळगुळीत करून घेतली की प्रश्न मिटतो.

साध्या गिटारची लॅप स्टील करताना

नवे वाद्य घेण्याआधी घरच्या गिटारवर प्रयोग करणारे बरेच असतात. नटवर बसणारी धातूची उंच पट्टी वाद्यांच्या दुकानात मिळते. ती बसवली की तारा पडद्यांपासून आठ-दहा मिलिमीटर उंच होतात आणि बार पडद्यांना लागत नाही. पट्टी काढली की गिटार पुन्हा पूर्ववत.

अशा गिटारवर तारा फक्त उतरवाव्यात, चढवू नयेत. ओपन डीमध्ये नेमके हेच होते. सहावी ई वरून डीवर, तिसरी जी वरून एफ शार्पवर, दुसरी बी वरून ए वर आणि पहिली ई वरून डीवर उतरते. पाचवी आणि चौथी जागच्या जागी राहतात. एकही तार चढत नाही, म्हणून गिटारच्या नेहमीच्या बाराच्या किंवा तेराच्या सेटवर ओपन डी निर्धास्त लावता येते.

डोब्रोचे ओपन जी लावायचे तर सहावी तार तीन अर्धस्वर चढवावी लागते. तेवढ्याने त्या तारेचा ताण ४१ टक्के वाढतो. पाचवी दोन अर्धस्वर चढते, तिचा ताण २६ टक्के वाढतो. ओपन ईमध्येही काही तारा चढतात. हा जादा भार गिटारची मान वाकवतो, घोडी उचकटतो किंवा वरची फळी फुगवतो. नुकसान एका दिवसात दिसत नाही. काही आठवड्यांनी घोडीमागे कागद सरकेल इतकी फट दिसते, तोवर दुरुस्ती महाग झालेली असते. जीचे ट्यूनिंग हवेच असेल तर साध्या गिटारवर डी, जी, डी, जी, बी, डी हा प्रकार घ्यावा. त्यात एकही तार चढवावी लागत नाही.

लॅप स्टीलचा जाड सेट साध्या गिटारवर चढवणे ही तशीच नेहमीची चूक. वर दिलेला ओपन डीचा सेट साडेबावीस इंची वाद्यावर एकूण सुमारे ६० किलो ताण देतो. साध्या गिटारच्या बाराच्या सेटचा एकूण ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. पण तोच जाड सेट साडेपंचवीस इंची गिटारवर त्याच सुरात लावला तर एकूण ताण पंचाहत्तर किलोच्या पुढे जातो. पूर्ण जाडीच्या तारा हव्या असतील तर भरीव लाकडाची खरी लॅप स्टीलच घ्यावी.

तारेचा धातू

विद्युत लॅप स्टीलच्या पिकअपमध्ये चुंबक असतो, त्यामुळे तारांच्या वेढ्याचा धातू चुंबकाला प्रतिसाद देणारा हवा. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद हा सर्वांत रुळलेला पर्याय. शुद्ध निकेलच्या वेढ्यांचा आवाज थोडा मऊ, स्टेनलेस स्टीलचा जास्त लख्ख. ध्वनिक गिटारसाठी मिळणाऱ्या कांस्य वेढ्यांच्या तारा विद्युत वाद्यावर लावल्या तर जाड तारांचा आवाज दबतो, कारण पिकअपला फक्त आतला पोलादी गाभा जाणवतो. पिकअप नसलेल्या डोब्रोवर किंवा साध्या ध्वनिक गिटारवर मात्र कांस्यच छान वाजते.

वेढ्यांवरून बार सरकताना खरखर ऐकू येते. ध्वनिमुद्रण करताना ती जास्त जाणवते. वेढे घासून सपाट केलेल्या तारा घेतल्या तर ती कमी होते, पण आवाजाची चमकही थोडी जाते. शिकताना नेहमीच्या गोल वेढ्यांच्या तारा पुरतात. बराचसा खरखराट बार किती दाबून धरला आहे यावर असतो, आणि तो सरावाने कमी होतो.

कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत साध्या पोलादी तारा पावसाळ्यात लवकर गंजतात. गंजलेल्या तारेवर बार अडखळतो आणि सूर खरा लागत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसाव्यात. नव्या तारा एकेक करून बदलाव्यात, म्हणजे वाद्यावरचा ताण एकदम सुटत नाही. नवी तार पहिले एक-दोन दिवस उतरत राहते. तो तारेचा दोष नव्हे, ती बसत असते.

गंधार किती चढा?

ट्यूनरवर सगळ्या तारा काट्यावर काटा लावल्या तरी ओपन डीची कॉर्ड किंचित कडवट लागते, असा अनुभव अनेकांना येतो. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करून मोजतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र त्या मापाच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात. म्हणून ओपन डीची तिसरी तार, ओपन जीच्या दुसरी व पाचवी आणि सी सिक्सच्या पहिली व पाचवी, या गंधाराच्या तारा ट्यूनरवर थोड्या उतरत्या ठेवून कानाने जुळवतात. सी सिक्समध्ये धैवताची तारही अशीच किंचित उतरवतात. साथीला हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर इतके उतरवू नये, मधला मार्ग घ्यावा, कारण त्या वाद्यांचा गंधार सहसा ट्यूनरसारखाच चढा असतो.

बार ठेवताना होणारी चूकही याच मापात मोजता येते. पहिल्या पडद्याच्या आसपास बार एक मिलिमीटर सरकला तर सूर सुमारे ३ सेंट हलतो, बाराव्या पडद्याजवळ सुमारे ६ सेंट. वरच्या पडद्यांवर तीन मिलिमीटरची चूक कोणालाही ऐकू येते. म्हणून रोजच्या सरावात तंबोरा किंवा तंबोऱ्याचे अ‍ॅप पट्टीत लावून, एकेका स्वरावर बार थांबवून, सूर मिळाला की मगच पुढे जावे. पडदे इथे नुसत्या खुणा आहेत. सूर कानालाच शोधावा लागतो, आणि त्यासाठी रोज त्याच सुरात, सारख्या ताणाने लावलेल्या तारा लागतात.

थोडक्यात

- आधी संगीत आणि वाद्य पाहून ट्यूनिंग ठरवावे, मग त्या ट्यूनिंगचा तारांचा सेट घ्यावा.
- एकेरी सुरावट आणि रूपांतरित गिटार यांसाठी ओपन डी, कॉर्डच्या अंगाने वाजवण्यासाठी सी सिक्स, डोब्रोसाठी ओपन जी.
- साध्या गिटारवर तारा चढवू नयेत, फक्त उतरवाव्यात. लॅप स्टीलचा जाड सेट तिच्यावर लावू नये.
- विद्युत वाद्यावर निकेल किंवा स्टीलच्या वेढ्यांच्या, ध्वनिक वाद्यावर कांस्य वेढ्यांच्या तारा.
- गंधाराच्या तारा शेवटी कानाने जुळवाव्यात.
- निवडलेले ट्यूनिंग निदान सहा महिने बदलू नये.